टाळ्यांचा सिद्धान्त

गणिताच्या सरांनी कॉम्प्युटरला टाळ्या वाजवायला शिकवलं होतं. मुलाने पडद्यावरचं बरोबर उत्तर निवडलं की टाळ्यांचा कडकडाट आणि वर फुलांचा पाऊस. चुकलं की एक लांबलचक 'अरेरे'. टाळ्या सरांच्या बायकोने स्वयंपाकघरात उभं राहून वाजवून दिल्या होत्या. 'अरेरे' सासऱ्यांचा होता. जावयाकडे बघत तो म्हणायला त्यांना सराव करावा लागला नाही.

ज्या गोष्टीला बक्षीस मिळतं ती गोष्ट मूल पुन्हा करतं, असं सरांनी कुठल्याशा प्रशिक्षणात ऐकलं होतं. शिकण्याचं सगळं रहस्य एवढंच, असं त्यांच्या मनाने घेतलं. चौथीचा वर्गही टाळ्यांसाठी जीव टाकू लागला. मागे राहायची ती एकटी पुटपुटी. बोटांवर मोजताना ओठांत पुटपुटायची म्हणून वर्गाने तिला हे नाव दिलेलं. तिचं मोजून होईपर्यंत टाळ्या दुसऱ्यानेच पळवलेल्या असत.

आज शिक्षण खात्याचे साहेब सरांचा पाठ बघायला येणार होते. सरांची नेमणूक तात्पुरती होती. आजच्या पाठावर कायम व्हायचं की घरी बसायचं, ते ठरणार होतं. सरांची तयारी चोख होती. घात केला तो मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी.

"सर, पहिला प्रश्न साहेबांवर हवा," त्या ऐन वेळी येऊन म्हणाल्या.

"बाई, पाठ गणिताचा आहे."

"मग मीही गणितच करतेय. तुमच्या नोकरीचं."

सरांनी घाईघाईत प्रश्न घातला: 'आज आपल्याला आनंद का झाला आहे?' उत्तरंही बाईंनीच सांगितली. अ: साहेब आले म्हणून. ब: सुट्टी आहे म्हणून. या नव्या पाहुण्याला जागा द्यायला बाकीचे सगळे प्रश्न एकेक पायरी खाली सरकले. त्यांची बरोबर उत्तरं मात्र जागची हलली नाहीत, आणि हे सरांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

साहेब मागच्या बाकावर गुडघे दुमडून बसले. सरांनी त्यांना बक्षिसाचा सिद्धान्त समजावून सांगितला. मग वर्गाचा मॉनिटर पुढे झाला आणि त्याने विश्वासाने 'अ' दाबलं.

"अरेरे," सासरे म्हणाले.

मॉनिटरने घाबरून 'ब' दाबलं. टाळ्या कडाडल्या, फुलं पडली. मोठ्या बाई खिडकीबाहेर बघू लागल्या.

"सुट्टी मलाही आवडते," साहेब म्हणाले. "पुढे चला."

पुढचा प्रश्न सोपा होता. सात रांगांत आठ-आठ खुर्च्या, तर एकूण किती? मॉनिटरने छप्पन्न दाबलं. अरेरे. त्याने चोपन्न दाबलं. कडकडाट. आता वर्गाला धागा सापडला. शहाणी मुलं ती. ज्याला टाळ्या मिळतात ते उत्तर, हे त्यांना पुरतं कळलेलं होतं.

"चोपन्न," सगळा वर्ग एका सुरात म्हणाला.

सरांनी मनातल्या मनात हिशेब मांडला. मुलं चोपन्न म्हणाली तर सिद्धान्त तरतो आणि गणित बुडतं. छप्पन्न म्हणाली तर गणित तरतं आणि सिद्धान्त बुडतो. नोकरी मात्र दोन्हीकडून बुडत होती. सरळ वायर उपटावी म्हणून ते खाली वाकले, तेवढ्यात मागून बारीक आवाज आला.

"छप्पन्न आहेत." पुटपुटीचं मोजून झालं होतं.

"अगं, पण टाळ्या चोपन्नला वाजल्या," मॉनिटर म्हणाला.

"वाजू देत. मी मोजलंय."

ती फळ्याकडे गेली आणि खडूने आठ-आठ रेघांच्या सात रांगा ओढल्या. पोरं बाकांवरून उठून फळ्याला जाऊन चिकटली. मॉनिटरने दोनदा मोजलं.

"म्हणजे कॉम्प्युटर चुकला," तो म्हणाला. सगळे खिदळायला लागले.

"हसायचं नाही," पुटपुटी म्हणाली. "कसं केलंस ते विचारायचं."

मॉनिटरला ते पटलं. तो पडद्यासमोर वाकला आणि मायेने म्हणाला, "कसं केलंस रे? आम्हाला सांग बघू." उत्तर येईना म्हणून त्याने पुन्हा एकदा छप्पन्न दाबून पाहिलं. सासरे आपल्या मतावर ठाम होते.

साहेब बाकातून कसेबसे बाहेर आले. "हे असं विचारायला मुलांना कुणी शिकवलं? कॉम्प्युटरने?"

"हो, साहेब," मोठ्या बाई तत्परतेने म्हणाल्या.

"नाही हो," मॉनिटर म्हणाला. "सरांनी. मध्ये आठवडाभर लाइट नव्हती ना, तेव्हा. फळ्यावर."

तो आठवडा वाया गेला म्हणून सरांनी कधीच सोडून दिला होता. टाळ्या नव्हत्या, फुलं नव्हती, नुसता खडू आणि बडबड. मुलांनी नेमकं तेच जपून ठेवलं होतं.

साहेबांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही कायम. कॉम्प्युटरला मात्र अजून थोडं तात्पुरतं ठेवा."

सरांच्या मनात आलं, आपण या पोरांना शिकवतो असं समजत होतो, आणि आज बुडताना हात दिला तो यांनीच. एकेकाचे आभार कसे मानावेत तेही त्यांना सुचेना. पुटपुटीच्या वाट्याला आजवर एकही टाळी आलेली नाही, हे आठवलं आणि ते तिच्यासाठी टाळ्या वाजवायला लागले. वर्ग वाजवायला लागला, साहेब वाजवायला लागले. सगळ्यांत जोरात मोठ्या बाई वाजवत होत्या.

पुटपुटी फळ्यापाशीच होती. पडद्यावरचं पुढचं गणित तिने केव्हाच मांडायला घेतलं होतं.

"सर, टाळ्या थांबवा ना," ती पाठमोरीच म्हणाली. "मोजताना चुकायला होतंय."