हजार डिग्रीवरचं वांगं

गजभियेभाऊ भट्टीजवळ जाताना चपला काढत आणि हळू आवाजात बोलत. आत कोणी आजारी माणूस झोपलाय, असं नवख्याला वाटायचं. आत असायचे पोलादाचे दोन ठोकळे, साबणाच्या वडीएवढे, एकमेकांना घट्ट दाबून बांधलेले. एकात क्रोमियम भरपूर, दुसऱ्यात नावालाही नाही. हजार डिग्रीवर महिनाभर ठेवले, की पहिल्यातले क्रोमचे अणू दुसऱ्यात किती आत शिरतात, ते प्रयोगशाळेच्या साहेबांना मोजायचं होतं.

भिलाईत तेव्हा पोलादाचा कारखाना उभा राहत होता, सगळ्यांनाच घाई होती. रोज नवी चिमणी, नवा रस्ता, नवी धूळ. आमच्या प्रयोगशाळेत मात्र गजभियेभाऊ केसाच्या जाडीएवढ्या प्रवासाची काळजी वाहत बसलेले. सकाळी हजेरी लावून गेलो की बातमी मिळायची, "क्रोम निघाला भाऊ. चालून राहिला." जणू भंडाऱ्याहून मेहुणा पायी येत होता.

चार दिवसांनी विचारावं, कुठवर आला?

"असन केसाच्या निम्म्यात. कार्बन लहान हाये, फटीफटीतून पयते. क्रोमले तसं जमत नाई. शेजारची जागा खाली झाली, तवाच सरकते. तेले घाई सांगाची नाई."

कॅन्टीनमध्ये मी त्यांची हुबेहूब नक्कल करायचो. पोरं पोट धरून हसायची. आज ती नक्कल आठवली की कानशिलं तापतात.

कारण एक गोष्ट मला पक्की ठाऊक होती. हा प्रयोग नीट पार पडला की गजभियेभाऊ हेल्परचे टेक्निशियन होणार होते. त्या जागेबरोबर कारखान्याच्या सेक्टरमधला दोन खोल्यांचा क्वार्टर मिळायचा. सहा वर्षं ते कॅम्पमधल्या पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते आणि बायको तुमसरजवळच्या खेड्यात. मीही हेल्परच; त्यांच्यामागे दुसरा नंबर माझा होता.

चोविसावा दिवस रविवार होता. "दाराले हात लावू नका," एवढं बजावून ते जेवायला गेले. मी बोरसी गावात भाड्याने राहायचो; तिथून आणलेलं एक तुकतुकीत वांगं माझ्या पिशवीत होतं. थंडीत भरताची आठवण झाली की आम्हा वैदर्भीयांची अक्कल गहाण पडते. मी दार उघडलं, वांगं सळईला टोचलं आणि आत धरलं. मिनिटभरात वरून कोळसा, आतून कच्चं. चरफडत ते कोपऱ्यात फेकलं, दार लोटलं आणि रिकाम्या पोटी डुलकी काढली. दाराचा खटका बसलाच नव्हता. गजभियेभाऊंनी परत येऊन तो बसवला तोवर तापमानाच्या कागदावरची रेघ खड्ड्यात उतरली होती.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी भट्टीपाशीच तो कागद आम्हा दोघांसमोर धरला.

"दरवाजा किसने खोला?"

मी भिंतीकडे पाहिलं. गजभियेभाऊंनी कोपऱ्यात पडलेल्या वांग्याच्या देठाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मैंने, साहब."

बाहेर आल्यावर मी त्यांना गाठलं. "कावून केलं असं?"

"तुमच्या बाईले आठवा महिना लागला. बोरसीच्या त्या कोंदट खोलीत कशी निभंल ते? मी काय, इथं एकटाच हाय." मग जरा थांबून म्हणाले, "वांगं तरी शिजलं का?"

"कच्चं राहिलं."

"आत जाले वेळ लागते भाऊ. नुसती आच असून नाई होत."

मी हसलो. त्या क्षणी मला हसू आलं, याचीच सर्वांत जास्त लाज वाटते.

नवे ठोकळे आले, प्रयोग पहिल्यापासून सुरू झाला. टेक्निशियन मी झालो. क्वार्टरची किल्लीही मलाच मिळाली. सामान हलवायच्या दिवशी गजभियेभाऊ न बोलावता आले आणि माझी ट्रंक डोक्यावर घेऊन आत शिरले.

"वहिनी, शेगडी या खिडकीखाली नका मांडू, दुपारी इकडून धूळ येते. पाटा तिकडं ठेवा, उजेड बरा हाये."

"तुमाले कसं माहीत, भाऊजी?" बायकोने विचारलं.

"येत होतो कधीमधी पाह्यले. खाली होता ना."

मागच्या अंगणात त्यांनी तिला विटांनी आखलेला वाफा दाखवला. मेथी वीतभर आली होती. "दोन दिसांत तोडा, नाई तं जून होते. आमच्या घरच्या बाईले आवडते, म्हणून टाकली होती."

"मंग ताईले कवा आणता?" पायरीवर टेकत बायकोने विचारलं.

ते खाली बसून मेथीतलं गवत उपटू लागले. बराच वेळ उपटत राहिले. गवत फारसं नव्हतंच.

मी दारात उभा होतो. निदान तेव्हा तरी खरं काय ते सांगायला हवं होतं, बायकोला, साहेबांना, कुणालाही.

"चहा घेता का?" मी विचारलं.

"घेतो ना," मान वर न करता ते म्हणाले. "वहिनीले उठवू नका, तुमीच मांडा."