बोरीतला घडीचा माणूस

दत्तराव मास्तर एकदा बोलले की माघार घेत नसत. चौऱ्याहत्तर साली बोरीच्या शाळेत सगळ्या शिक्षकांसमोर ते बोलले, "डॉक्टर भगवानरावांचं अख्खं कपाट या शाळेत आणून दाखवतो! नाही आणलं तर विज्ञान सोडून कवायत शिकवीन!"

कपाट परभणीला होतं. भगवानराव निजामाच्या अमदानीतले सरकारी डॉक्टर, आता निवृत्त. विसाव्या शतकाच्या पहिल्या वीस-पंचवीस वर्षांतली डॉक्टरकीची पुस्तकं आणि मासिकं त्यांनी त्या कपाटात जपली होती. विलायतेहून बोटीनं आलेली, चामड्याच्या पुठ्ठ्याची. एकेक पुस्तक तान्ह्या पोरासारखं दोन्ही हातांनी उचलावं लागे! बोरीच्या प्रयोगशाळेत तेव्हा एक भिंग होतं आणि बाटलीतला एक बेडूक. नोकरीत बेडूक मास्तरांना सीनियर होता.

डॉक्टरांनी नकार दिला नाही, परीक्षा घेतली. कपाटातलं सगळ्यात जाड पुस्तक काढून ते म्हणाले, "आठ दिवस न्या. जसं नेलं तसं आणा, मग कपाट तुमचं. पण ध्यानात ठेवा मास्तर, ही अमानत आहे."

त्या पुस्तकाच्या शेवटी एक घडीचा माणूस होता. जाड कागदाचा, हातभर उंच, रंगीत. छातीची कातडी पानासारखी उलटली की खाली बरगड्या. बरगड्या उलटल्या की गुलाबी फुफ्फुसं. त्यांच्या मागं हृदय, खाली तांबूस यकृत, मग जठर, मग आतड्यांचं वेटोळं. कवटीचंसुद्धा झाकण उघडायचं, आत मेंदू! एकेक अवयव कागदाच्या बारीक पट्टीनं चिकटवलेला.

पहिल्यांदा तो माणूस उघडला तेव्हा मास्तर बराच वेळ बोललेच नाहीत. त्यांच्या बायकोच्या, गीताबाईंच्या आठवणीत असं पहिल्यांदाच घडत होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या ओट्यावर प्रदर्शन मांडलं. सगळं गाव लोटलं. मास्तर छडीनं दाखवीत होते आणि एरवी तमाशातसुद्धा गप्प न बसणारी बोरी चिडीचूप झाली होती. म्हाताऱ्या लिंबाजीनं स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

"मास्तर, समद्यांच्या आत असंच हाय?"

"असंच."

"पाटलाच्या बी?"

"पाटलांच्याही."

"न् माझ्या बी? येवढं रंगीत?"

"तुमच्याही, लिंबाजी."

लिंबाजी घरी निघाला तो काठोकाठ भरलेली घागर नेल्यासारखा. आतलं काही हिंदकळू नये म्हणून!

मागं उभी राहिलेली दगडाबाई पुढं आली. तिचा नवरा आश्रुबा दिवस मावळला की शुद्धीवर नसे. तिनं यकृतावर बोट ठेवलं. "दारूनं ह्येचं काय व्हतं?"

"कोळसा होतो!" मास्तर गरजले. "निरोगी माणसाचं असं असतं. नीट बघून घ्या!"

दगडाबाईनं नीट बघून घेतलं. पुस्तक घरी आणून गीताबाईंच्या नव्या लुगड्यात गुंडाळण्याआधी मास्तरांनी माणूस तपासला, तर यकृत गायब!

"मेलो!" मास्तर खाटेवर बसले. "कुणी नेलं असेल गं?"

"दगडाबाई सगळ्यात शेवटी गेली," गीताबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या. "जरा डोकं चालवत जा."

मास्तर तणतणत दगडाबाईच्या घरी गेले आणि दारातच थबकले. समोरच्या भिंतीवर खळीनं यकृत चिकटवलेलं होतं. त्याला हळद-कुंकू. पुढ्यात आश्रुबा मांडी घालून, शुद्धीवर!

"मगाधरनं नुसतं बघायलाय," दगडाबाई कुजबुजली. "बाटली तशीच हाय."

"मास्तर," आश्रुबा वळून म्हणाला, "ह्ये माझ्या आत असंच व्हतं? आन् म्या त्येच्यावर ती घाण ओतायलोय?"

"दगडाबाई, ते पुस्तकाचं आहे. परत द्यावं लागेल."

"तुमचा मानूस कागदाचा हाय मास्तर," दगडाबाई म्हणाली. "माजा खरा हाय."

मास्तर हात हलवीत परत आले.

सकाळी दारात बायनाबाई उभी! "आमच्या मामंजीच्या चिलमीनं घरात टिकाव लागंना. त्ये फोपसं द्या."

"ती वाटायची वस्तू नाही, बाई!"

"का? दगडाबाई तुमची सोयरी हाय, आन् आमी कोन?"

हा सवाल इतका बिनतोड होता, की फुफ्फुसं गेली. "शनिवारी परत!" मास्तर मागून ओरडले. मग मिरचीशिवाय घास न उतरणाऱ्या भावासाठी सुलाबाई जठर घेऊन गेली. आतडी तर हेडमास्तर रंगनाथरावांनी स्वतः मागितली, आणि हेडमास्तरांना नाही म्हणायला मास्तरांची नोकरी अजून पक्की झालेली नव्हती! हृदय पंडित शिंप्यानं नेलं. कशासाठी, ते त्यानं सांगितलं नाही. मास्तरांनीही विचारलं नाही.

"विचार करून द्या हो," गीताबाई रोज म्हणायच्या.

"विचार करूनच देतोय! आणि गंमत बघ, मेंदू अजून एकानंही मागितला नाही! या गावाला त्याची गरजच वाटत नाही!" मास्तर खदखदून हसले. गीताबाई हसल्या नाहीत.

शनिवारी मास्तर वसुलीला निघाले. घरोघर तीच कथा! अवयव मातीच्या भिंतीवर खळीनं असा बसलेला, की ओढला तर भिंत येईल, कागद येणार नाही. रिकाम्या हातांनी शाळेत परतले, तर हेडमास्तरांच्या खुर्चीत साक्षात भगवानराव! सकाळच्या एसटीनं आले होते. "म्हटलं, आपणच जाऊन बघावं, आमच्या माणसाची तबीयत कशी आहे."

पुस्तक आलं. डॉक्टरांनी चष्मा चढवला, कातडी उलटली, बरगड्या उलटल्या. आत पाठीचा कणा, आणि बाकी सारा पांढरा कागद! हेडमास्तर खिडकीबाहेर बघू लागले. मास्तरांना कवायतीची शिट्टी ऐकू यायला लागली.

"मेंदू मात्र शाबूत आहे, डॉक्टरसाहेब!" म्हणत त्यांनी कवटीचं झाकण उघडलं.

मेंदूही नव्हता!

"हा कुणी नेला?" मास्तरांना दरदरून घाम फुटला. "हा तर कुणी मागायलासुद्धा आलं नव्हतं!"

"चला," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "बाकीचे कुठं आहेत ते तरी दाखवा."

मास्तर त्यांना घरोघर घेऊन फिरले. बायनाबाईच्या सासऱ्याची चिलीम कोनाड्यात पालथी पडली होती. सुलाबाईचा भाऊ वरणभात खात होता, रडत, पण खात होता. आश्रुबानं उठून रामराम घातला. त्याचे हात थरथरत होते, डोळे मात्र स्वच्छ होते. डॉक्टर भिंतीवरच्या यकृतापुढं उभे राहिले. मग त्यांनी चपला काढल्या.

"जन्मभर लोकांना सांगत आलो, दारू सोडा," बाहेर आल्यावर ते म्हणाले. "औषध दिलं, दम दिला. एकानं ऐकलं नाही. आणि औषध कपाटात कुलूप लावून ठेवलं होतं मी!"

मास्तरांना अंदाज येईना. कपाट मिळालं की गेलं? विचारायचा धीर नव्हता. दिवस मावळायला ते डॉक्टरांना घेऊन जेवायला घरी आले.

गीताबाईंनी दोन पाट मांडले होते. मास्तर आपल्या पाटावर बसले, पहिला घास मोडला, वर बघितलं आणि घास हातातच राहिला.

समोरच्या भिंतीवर, बरोबर त्यांच्या नजरेसमोर, खळीनं नीट चोपून बसवलेला मेंदू होता. हळद-कुंकवासकट.

"जेवा," गीताबाई म्हणाल्या, आणि त्यांनी आमटी वाढली.

डॉक्टरांनी भिंतीकडं पाहिलं, मास्तरांकडं पाहिलं, मग खाली मान घालून भाकरी चावली. त्यांचे खांदे हलत होते.

"मास्तर," शेवटी ते म्हणाले, "कपाट बोरीला येईल. सगळंच्या सगळं."

मास्तरांची छाती फुगली.

"फक्त चाबी सूनबाईंकडं राहील."