बाटलीतली मालती

आमच्या सानपाड्याच्या सोसायटीत 'कुत्रा आला' असं म्हणायची सोय नाही. लोटलीकर सर लगेच अडवतात, "ढोबळ बोलू नका. कॅनिस फॅमिलिॲरिस!" एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेत त्यांनी तीस वर्षं बाटल्यांवर चिठ्ठ्या लावल्या. निवृत्तीनंतर बाटल्या संपल्या, मग त्यांनी आम्हाला हाती घेतलं. लॉबीतल्या झाडालाही लॅटिन नाव चिकटवलं. ते प्लास्टिकचं निघाल्यावर चिठ्ठी बदलली: 'नमुना संशयास्पद.' मी उदरपाद, म्हणजे गोगलगायीच्या गटात. पोटावर चालणारे.

"पण मी पायांनी चालतो, सर!"

"चालता. पण पोट आधी पोचतं."

तेव्हापासून आमची ही त्यांना न मागता चहा देते.

गेल्या महिन्यात सरांना कंपाउंडच्या जास्वंदीवर कोळ्याची एक मादी सापडली. इवलीशी, निळ्या पाठीची. पुस्तकं पालथी घातली, कुठेच नाही. ओळखीच्या तज्ज्ञांना फोटो पाठवला. उत्तर आलं: जात नवी दिसते, नाव तुम्ही सुचवा, पण नुसत्या फोटोवर भागणार नाही, मादी स्पिरिटमध्ये घालून पाठवा.

सर नाचायचेच बाकी होते. "स्वतःचं नाव द्यायची रीत नाही. मी मालतीचं देणार! बाईच्या नावाला शेवटी 'ए' लावतात. मालतीए. जगभर हेच!"

मालतीवहिनींना जाऊन चार वर्षं झालीत. नवऱ्याच्या शर्टाचा स्पिरिटचा वास त्यांनी जन्मभर धुतला.

मादी जाळीच्या झाकणाच्या बाटलीत सरांच्या ओट्यावर राहायला आली. आठवड्याने सरांनी मला मदतीला बोलावलं. स्पिरिट तयार, चिठ्ठी सुवाच्य अक्षरात तयार. मी आत शिरलो तेव्हा सर बाटलीशी बोलत होते, "मालती, माशी बारीकच आणलीय. सावकाश खा."

मला बघून स्पिरिट उचललं, ठेवलं. पुन्हा उचललं.

"मी करू?" मी म्हणालो. खरं तर झुरळ मारायलाही मला बायको लागते.

"खबरदार! हात लावाल तर!"

"मग नाव कसं लागणार, सर?"

"नावासाठी मारू तिला?"

आम्ही खाली उतरलो. सरांनी झाकण काढून बाटली जास्वंदीवर आडवी धरली. ती बाहेर आली, एक उडी मारली आणि पानाआड गेली.

सरांनी मोबाइल माझ्या हातात दिला. "तज्ज्ञांना लिहा, नमुना हातून निसटला."

मी लिहिलं. पाठवू का म्हणून मान वर केली, तर सर बाटलीत बघत होते. माशी तशीच होती.

"जेवली नाही हो," ते म्हणाले.