रुग्णाशी नाते

"तुम्ही तिथं जाऊन काहीही करू नका. नुसते बसा," असं आमच्या हिनं मला जिना उतरेपर्यंत तीनदा बजावलं होतं. बसणं मला चांगलं जमतं. (बावीस वर्षं एकाच जागी बसलोय. खुर्ची दोनदा बदलली, मी नाही.) पण त्या दिवशी कुठून दुर्बुद्धी सुचली कोण जाणे, मी मनाशी ठरवलं की आज आपण उपयोगी पडायचं. पुढचं सगळं महाभारत या एका निश्चयातून घडलं.

झालं असं, की शनिवारची दुपार होती, ऑफिसला सुट्टी होती आणि समोरच्या दारातल्या वहिनी एक हात कमरेवर आणि दुसरा आमच्या बेलवर ठेवून उभ्या होत्या.

"भाऊजी, मला वाटतं आजच."

"आज कसं? डॉक्टरांनी पुढच्या मंगळवारची तारीख दिलीय ना?" मी म्हणालो. तारीख दिली म्हणजे दिली, अशी माझी समजूत.

आमची ही स्वयंपाकघरातून धावत आली आणि मला बाजूला सारून तिनं टॅक्सी बोलावली. वहिनींची बॅग अर्धीच भरलेली होती, ती भरून आणि त्यांचं घर बंद करून ही मागून येणार, मी वहिनींना घेऊन पुढं व्हायचं, असं ठरलं. राहता राहिला वहिनींचा नवरा.

हा माझा मित्र. मोटार शिकवतो. शिकवणाऱ्याच्या बाजूला जो जादा ब्रेक असतो त्यावर पाय ठेवून त्यानं आयुष्य काढलंय. आमच्या घरी सोफ्यावर बसलेला असताना कुणी लगबगीनं समोरून गेलं तरी त्याचा उजवा पाय फरशीवर दाबला जातो. म्हणून आम्ही सगळे त्याला ब्रेकमास्तर म्हणतो. त्याचे वडील बोटीवर नोकरीला होते. हा अकरा महिन्यांचा झाल्यावर त्यांनी याला पहिल्यांदा पाहिलं, आणि यानं त्यांना पाहून जे भोकाड पसरलं ते म्हणे दोन दिवस चाललं होतं. ही गोष्ट तो हसत सांगायचा, पण ती सांगताना त्याचे डोळे हसायचे नाहीत. गेले नऊ महिने तो एकच धोशा लावून बसला होता. "रकानेराव, जगबुडी झाली तरी मी आत असणार. माझ्या पोराला माझं तोंड पहिल्या मिनिटाला दिसलं पाहिजे."

(रकानेराव म्हणजे मी. आडनाव नव्हे. मी अर्ज स्वीकारण्याच्या खिडकीवर असतो. एक रकाना रिकामा असला किंवा एक अक्षर खोडलेलं असलं की अर्ज परत, असा माझा लौकिक आहे.)

टॅक्सीतून मी त्याला फोन लावला.

"निघालोच!" तो ओरडला. "पण गाडी मी नाही चालवत. माझे हात थरथरतायत. मन ठिकाणावर नसेल तर स्टिअरिंगला हात लावायचा नाही, हे मीच शिकवतो ना सगळ्यांना!"

"मग कोण चालवतंय?"

"शिकाऊ बाई आहेत एक. निवृत्त ग्रंथपाल. आज तिसरा दिवस."

"अरे, मग त्यांना जोरात चालवायला सांग!"

"त्या चालवतायत रे! तीसच्या वर काटा गेला की माझाच पाय ब्रेकवर पडतोय!"

वहिनींनी माझ्या हातातून फोन घेतला आणि त्याला दोन शब्द सुनावले. ते मी इथं लिहीत नाही.

रुग्णालयात पोचल्याबरोबर वहिनींना चाकाच्या खुर्चीत बसवून आत नेलं आणि काउंटरवरच्या बाईंनी माझ्यापुढं एक फॉर्म सरकवला. फॉर्म! मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं. 'नुसते बसा' वगैरे सगळं विसरून मी खिशातलं पेन काढलं. सोबत आलेल्या व्यक्तीचे नाव, पत्ता, फोन, सगळं मोत्यासारख्या अक्षरात लिहीत गेलो आणि चौथ्या रकान्याशी अडलो. 'रुग्णाशी नाते.' पुढं चार चौकोन छापलेले. पती, पिता, भाऊ, इतर. एकावर खूण करायची.

सरळ माणसानं 'इतर'वर खूण केली असती. पण मला 'इतर'चं आतलं माहीत आहे. आमच्या ऑफिसात 'इतर'वर खूण असलेला अर्ज आला की तो वेगळा काढतात, त्याला सुतळी बांधतात आणि जिन्याखालच्या कपाटात ठेवतात. त्याचं पुढं काय होतं ते मला ठाऊक नाही, आणि ते कपाट माझ्याच ताब्यात आहे. वहिनींची त्या गठ्ठ्यात भर घालायची? माझ्याच्यानं ते होईना. पिता म्हणावं तर वय आड येत होतं. भाऊ म्हणावं तर वहिनींचं माहेरचं आडनाव मला ठाऊक नाही, विचारलं तर अडणार. राहिलं काय? काम लवकर व्हावं एवढ्याच शुद्ध हेतूनं मी 'पती'वर खूण केली.

काम लवकर झालं. इतकं लवकर, की पेनचं टोपण लावेपर्यंत एका सिस्टरनं माझ्या गळ्यात पास अडकवला, दुसरीनं हिरवा झगा चढवला आणि दोघींनी मिळून मला एका दारातून आत ढकललं.

"अहो, पण मी..."

"पहिलंच आहे का?" सिस्टरनं विचारलं.

"नाही, आमचा मुलगा सतरा वर्षांचा आहे."

"इतक्या वर्षांनी!" ती कौतुकानं म्हणाली. "धरा त्यांचा हात."

वहिनींनी डोळे उघडले. मला पाहिलं. परत मिटले. परत उघडले. मी तरीही तिथंच होतो.

"भाऊजी, तुम्ही इथं काय करताय?"

"फॉर्मची जरा अडचण होती," मी म्हणालो.

"सिस्टर, ह्यांना बोलवा!"

"हे काय, इथंच तर आहेत."

"हे नव्हेत! माझे हे! हा माणूस माझा नवरा नाहीये!"

सिस्टरनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मनावर घेऊ नका. या वेळेला सगळ्याच असं म्हणतात."

त्यानंतरचे दोन तास मी कसे काढले ते माझं मला माहीत. खोलीत बसायला एक स्टूल होतं, त्यावर बसलो की सिस्टर 'उभे राहा' म्हणायची, उभा राहिलो की डॉक्टरीणबाई 'उजेड अडवू नका' म्हणायच्या. मी भिंतीकडं तोंड करून हात मागं केला आणि वहिनींनी तो धरला. कळ आली की त्या माझी बोटं पिळत होत्या आणि कळ गेली की पोचला का ते विचारत होत्या. मी काय सांगणार! शेवटचा फोन आला तेव्हा तो पुलावर होता आणि ग्रंथपाल बाई चढावर गाडी कशी थांबवायची ते शिकत होत्या.

तेवढ्यात बाहेर आमच्या हिचा आवाज आला. मी दार किलकिलं केलं. ही बॅग घेऊन काउंटरशी उभी होती.

"आत एक बाई आहेत, त्यांची बॅग आणलीय. त्यांच्याबरोबर माझे मिस्टर आलेत. चष्मा, खिशाला दोन पेनं."

काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म पाहिला, मग हिच्याकडं पाहिलं. "ते पेशंटचे मिस्टर आहेत."

"नाही हो, ते माझे मिस्टर आहेत."

बाईंनी उठून स्वतःची खुर्ची हिला दिली आणि पाण्याचा ग्लास पुढं केला. "तुम्हाला हे आजच कळतंय का?"

ही काही बोलणार एवढ्यात मुख्य दारातून ब्रेकमास्तर धावत आला. एका पायात चप्पल, दुसरी बहुतेक ब्रेकपाशी राहिली असावी.

"माझी बायको आत आहे! मी तिचा नवरा!"

बाईंनी सुस्कारा सोडला. "अजून एक? पती आत गेलेत. आत एकालाच सोडतात."

आता मात्र मी झग्यासकट बाहेर आलो. "बाई, माझी चूक झाली. रकाना चार. मी पती नाही, हा पती आहे. एवढं दुरुस्त करून याला आत सोडा."

"दुरुस्ती अशी नाही होत. साध्या कागदावर अर्ज द्या. चूक का झाली ते लिहा. वरिष्ठांची सही लागेल."

"वरिष्ठ कुठं आहेत?"

"सोमवारी येतील."

"मग तेवढं खोडून टाका हो!"

"खाडाखोड चालत नाही," बाई म्हणाल्या.

हा आवाज मी रोज ऐकतो. तो माझाच आहे. आजवर किती माणसं माझ्या खिडकीपुढं अशीच उभी राहिली असतील, त्यांच्या घरात कोण काय अवस्थेत असेल, याचा विचार माझ्या मनाला कधी शिवला नव्हता. मला माझी लाज वाटली. ब्रेकमास्तर माझ्याकडं बघत होता. तो चिडलेला असता तर बरं झालं असतं. तो रडवेला झाला होता.

"रकानेराव," तो म्हणाला, "मी माझ्या बापासारखाच निघालो रे."

आतून सिस्टर ओरडली, "झालंच आता! दहा मिनिटं!"

मग माझ्या अंगात काय संचारलं कुणास ठाऊक. मी काउंटरवरून वाकून फॉर्म ओढून घेतला, पेन उघडलं आणि 'पती'वरची खूण खोडली. एकदा नाही, दोनदा नाही, कागद फाटेपर्यंत खोडली. बावीस वर्षांतली माझी पहिली खाडाखोड! बाई "अहो! अहो!" करत उभ्या राहिल्या. बाजूला मोठ्या अक्षरात खऱ्या पतीचं नाव लिहिलं, खाली सही ठोकली आणि विजयी वीरासारखी मान वर केली.

"जा!" मी गरजलो. "जा मित्रा, आत जा!"

पण समोर मित्र नव्हता. माझ्या गळ्यातला पासही नव्हता. अंगावरचा हिरवा झगाही नव्हता.

"तो कधीच गेला आत," आमची ही शांतपणे म्हणाली. "तुम्ही लिहीत होतात, तेव्हा मी पास आणि झगा काढून त्याला घातला."

आठेक मिनिटांनी आतून रडण्याचा आवाज आला. आधी बारीक, मग त्यात एक जाड आवाज मिसळला. तो ब्रेकमास्तरचा होता. थोड्या वेळानं तो बाहेर आला, डोळे लाल आणि तोंड दोन्ही कानांपर्यंत फाकलेलं. "मुलगी! माझ्याकडं बघितलं तिनं. सरळ माझ्याकडं!" असं म्हणून तो मला कडकडून भेटला. मला फार, फार बरं वाटलं. काउंटरवरच्या बाई मात्र फाटलेला फॉर्म चिकटपट्टीनं जोडत होत्या आणि आमच्यापैकी कुणाचंच अभिनंदन करायला तयार नव्हत्या.

ही आत जाऊन वहिनींना आणि बाळाला बघून आली आणि संध्याकाळी आम्ही टॅक्सीनं घरी निघालो. मी खुशीत होतो.

"दोन तास," मी म्हणालो. "दोन तास हात धरून उभा होतो. चेष्टा नाही."

ही खिडकीबाहेर बघत होती. "आपला मुलगा झाला तेव्हा कुठं होतात?"

मी विचार केला. विचार करायची गरज नव्हती. खिडकीवर होतो. अर्ज घेण्याचा शेवटचा दिवस होता. रजिस्टर बंद करून, कुलूप लावून, सव्वासहाला रुग्णालयात पोचलो होतो.

"आणि आल्या आल्या पहिलं काय विचारलंत, आठवतंय?"

"कशी आहेस, असंच विचारलं असेल."

"जन्माची वेळ नीट नोंदवली का, असं विचारलंत."

मी म्हणालो, "चुकलं माझं. फार चुकलं." आणि सतरा वर्षं उशिरा का होईना, तिचा हात हातात घेतला. तिनं काढून घेतला नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, तेही पुसलं नाही. मी हात अधिक घट्ट धरला.

थोड्या वेळानं तिनं तो हळूच सोडवून घेतला आणि बोटं चोळत म्हणाली, "आत वहिनी सांगत होत्या ते खरं आहे. तुम्ही हात धरता, पण आधार समोरच्यानंच तुम्हाला द्यावा लागतो."