टाकीची तपासणी

बैठकीच्या खोलीत माशांची टाकी ठेवण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला, कारण त्या घरात मत देण्याचा अधिकार एकालाच होता. ते एक मत सासरेबुवांचं. सासरेबुवा तपासणी अधिकारी म्हणून निवृत्त झाले होते. नोकरीत ते जिथे जिथे गेले, तिथे भिंतींचा रंग ओला असायचा, फरशी चकचकीत असायची आणि माणसं हसतमुख असायची. त्यामुळे जग हे नेहमी नुकतंच रंगवून ठेवलेलं असतं, असं त्यांचं प्रामाणिक मत झालं होतं.

टाकीत प्लॅटी सोडले. लाल, केशरी, गुबगुबीत. गरीब स्वभावाचा मासा. भांडत नाही, तक्रार करत नाही, अंडी घालण्यात वेळ न दवडता थेट पिल्लंच देतो. "कामसू जात आहे," सासरेबुवा म्हणाले. देखभाल जावयाकडे आली. तो घरजावई, त्यातून घरी बसून कॉम्प्युटरवर काम करणारा, म्हणजे सासरेबुवांच्या व्याख्येनुसार रिकामाच. दुसरीत शिकणाऱ्या त्याच्या लेकीने एका लाल मासोळीच्या शेपटीजवळ काळा ठिपका पाहिला आणि तिचं नाव ठेवलं टिकली. टिकलीचं पोट टम्म फुगलं होतं. पिल्लं कधी होणार, हे पोरगी शाळेतून आल्या आल्या काचेला नाक लावून तिलाच विचारायची.

पहिली तपासणी रविवारी जाहीर झाली. आदल्या दिवशी जावयाने तपासणीआधी सगळे करतात तेच केलं. सगळं पाणी उपसलं, खडे उकळत्या पाण्याने धुतले आणि गाळणीचा स्पंज नळाखाली धरून पांढरा होईपर्यंत पिळला. लेक कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"बाबा, दुकानातल्या काकांनी काय सांगितलं होतं? थोडंसंच पाणी बदलायचं. स्पंज टाकीतल्याच पाण्यात हलकेच पिळायचा. त्यात चांगले जिवाणू असतात, ते पाणी नीट ठेवतात."

"चांगले?" सोफ्यावरून आजोबांचा आवाज आला. "तसा दाखला आहे का त्यांच्याकडे? आणि थोडंसंच पाणी? माझ्या नोकरीत कुणी थोडीशीच सफाई केली असती, तर त्याची पूर्ण बदली केली असती मी."

रविवारी टाकी लखलखत होती. शेरा मिळाला: उत्तम. मग हळूहळू पाणी दुधाळ झालं आणि मासे पंख मिटून वर येऊन तोंडं उघडू लागले. "बघा, मला पाहिलं की भेटायला वर येतात," सासरेबुवा गहिवरून म्हणाले आणि बक्षीस म्हणून चिमटीऐवजी मूठभर खाऊ टाकला. उरलेला खाऊ तळाशी कुजला. सकाळी एक केशरी मासा उलटा तरंगत होता.

"बाबांना कळू देऊ नका हं," जावयाची बायको कुजबुजली. "त्यांचं बीपी वाढेल."

जावई दुकानातून तस्सा मासा घेऊन आला. पुढच्या तपासणीत मृत्यू निरंक निघाले, आणि तिथेच घात झाला. टाकी एवढी उत्तम चालते म्हटल्यावर सासरेबुवांनी तपासण्या वाढवल्या. मग त्यांचे जुने सहकारी चहाला येऊ लागले. त्यांच्यासमोर विशेष तपासणी. दर तपासणीआधी धुलाई, धुलाईनंतर मयत, मयतीनंतर दुकान. इतक्या वेगाने बदल्या सासरेबुवांच्या खात्यातही कधी झाल्या नव्हत्या. दुकानदार तर जावई कोपऱ्यावर दिसताच प्लास्टिकची पिशवी फुगवायला घ्यायचा.

या सगळ्यात टिकली तेवढी कशी तगली, देव जाणे. एक दिवस जावयाने तिच्याकडे पाहून धीर केला.

"बाबा, खरं सांगायचं तर, टाकी घासली की मासे मरतात."

"कोण मेलं?" सासरेबुवांनी टाकीकडे बोट दाखवलं. "सगळे हजर आहेत. जावईबापू, कामाचा कंटाळा आला असेल तर तसं सांगा. पण चांगल्या निकालावर शिंतोडे उडवू नका."

निकाल जावयानेच पिशवीतून आणला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

शेवटी सासरेबुवांचे जुने मोठे साहेब टाकी बघायला येणार असं ठरलं. त्या दिवशी सासरेबुवा स्वतः खुर्ची टाकून बसले आणि त्यांनी जावयाकडून काच साबणाने घासून घेतली. दुपारी टिकली गेली. दुकानात ठिपक्याची मासोळी नव्हती; जावयाने नुसती लाल आणली. टिकलीला खिडकीतल्या कुंडीत पुरताना त्याला स्वतःची शरम वाटली, पण साहेब जिना चढत होते.

"ही आमची नात. टाकीची खरी मालकीण," सासरेबुवांनी शाळेतून आलेल्या नातीला पुढे केलं. "सांग गं साहेबांना, टिकली कशी आहे?"

पोरगी काचेला नाक लावून बराच वेळ पाहत राहिली. शेपटीजवळ ठिपका नव्हता. पोट सपाट होतं. तिने बापाकडे पाहिलं. बापाने आपल्या हातांकडे पाहिलं. नखांत कुंडीची माती होती. तिचे डोळे भरून आले. आता ही भोकाड पसरणार, असं जावयाला वाटलं, आणि मनातून त्याला तेच हवं होतं. एकदाचा सोक्षमोक्ष लागला असता.

दाराशी आई डोळे मोठे करून उभी होती. आजोबा हसत होते. साहेबही हसत होते.

"मजेत आहे," पोरगी म्हणाली.

"वा! पोट किती आटोक्यात ठेवलंय," साहेबांनी काचेत डोकावून मासोळीचं कौतुक केलं आणि पोरीची पाठ थोपटली. "मुलगी हुशार आहे. मोठ्या पदावर जाणार." शेरा मिळाला: अत्युत्तम.

हे वाचताना कुणाला आपल्या घरातली किंवा कचेरीतली एखादी टाकी आठवली असेल, तर त्यांनी घाबरून जाऊ नये. कुणी विचारलंच, तर काय सांगायचं ते आपल्यालाही दुसरीपासून पाठ आहे.