सतरा वर्षांची, थंडीत उशिरा सुरू होणारी

आमच्या अमेरिकेत मूल बारावीत गेलं की शाळाच पालकांना लेखी बढाई मारायला सांगते. खोटं नाही! पोराचे गुण एका कागदावर लिहून द्यायचे आणि ते वाचून समुपदेशक बाई कॉलेजला शिफारसपत्र लिहितात. एरवी मी फुकट बढाया मारतो. इथे तर चक्क आमंत्रण!

"नॅडीन, तू निर्धास्त राहा," मी बायकोला म्हणालो. "असा कागद लिहितो की कॉलेजवाले गाडी घेऊन दारात येतील."

"आधी तिची रसायनशास्त्रातली सी श्रेणी झाक," नॅडीन म्हणाली.

प्रश्न तोच होता. आमच्या कॉरिनला हवं होतं ते कॉलेज शंभरातले बारा घेतं. एसएटी या प्रवेशपरीक्षेत तिथल्या पोरांना सोळाशेपैकी पंधराशे, आणि हिला बाराशे ऐंशी! पोरगी जेवायची बंद झाली होती. मला ते बघवत नव्हतं.

मग कागदावर मी काही लिहायचं सोडलं नाही. अलौकिक बुद्धी, चौथीपासून व्हायोलिन, वक्तृत्वात जिल्ह्यात तिसरी. शनिवारी ती माझ्या गॅरेजात हात काळे करते, हे मात्र मुद्दाम गाळलं. मोठ्या कॉलेजला ग्रीस कशाला दाखवा?

त्याच बैठकीत आमची जुनी पिकअप गाडी विकायची जाहिरातही खरडली आणि दोन्ही पाकिटं डकवून टपालात टाकली, एक शाळेला, एक गावच्या साप्ताहिकाला.

गुरुवारी गावचं साप्ताहिक आलं आणि फोन वाजला.

"गाडी व्हायोलिन वाजवते म्हणजे काय हो? पट्टा आवाज करतोय का?"

"कुठली गाडी?"

"तुमचीच! अलौकिक बुद्धीची! वक्तृत्वात तिसरी म्हणे. गिअर नीट पडतात ना?"

माझ्या पायाखालची जमीन सरकली. तसाच शाळेत धावलो. समुपदेशक मिसेस हॅवरकॅम्प डोळे पुसत होत्या.

"बाई, तो कागद परत द्या!"

"कालच कॉलेजला पाठवला, माझ्या पत्राला जोडून," त्या म्हणाल्या. "तीस वर्षांत इतकं खरं कुणी बापानं लिहिलं नाही. तुम्ही गॅरेजवाले, तुमच्या भाषेत लिहिलंत!" आणि त्यांनी प्रत वाचून दाखवली. "वय सतरा. थंडीत सकाळी उशिरा सुरू होते. चढावर कुरकुरते, पण ओझं कितीही टाका, नेते. डावीकडचा पोचा माझ्या चुकीनं पडलाय. वाटेत आजवर कधी सोडलं नाही. द्यायचं जिवावर आलंय, पण हिला आता मोठा रस्ता हवा."

ती पिकअप आहे, हे न सांगताच मी घरचा रस्ता धरला!

घरी कॉरिननं सगळं ऐकून घेतलं. "बाबा, मी चढावर कुरकुरते?"

"तू नाही गं, पिकअप!"

"आणि अलौकिक बुद्धी कोणाची?"

"तीही आता पिकअपचीच."

ती चार दिवस माझ्याशी बोलली नाही. मार्चपर्यंत आम्ही तिघंही टपालाच्या पेटीकडे चोरून बघत होतो.

मार्चच्या शेवटी जाड पाकीट आलं. प्रवेश! पत्राखाली कुणीतरी शाईनं लिहिलं होतं, "उशिरा सुरू झाली तरी चालेल. वाटेत न सोडणारी माणसं आम्हाला हवीत." नॅडीन रडली, कॉरिन रडली. मी नाक शिंकरायला गॅरेजात गेलो.

पिकअप अर्थातच कुणी घेतली नाही. ऑगस्टमध्ये तिच्यातच सामान भरून पोरीला सोडायला निघालो. कॉलेज चाळीस मैलांवर असताना गाडीनं एक उचकी दिली आणि भर रस्त्यात बसली.

मी गाडीची माहितीपुस्तिका शोधत होतो तोवर कॉरिननं बाह्या सरसावल्या, बॉनेट उघडलं आणि पट्टा चढवला. वीस मिनिटांत गाडी सुरू!

"बाबा, 'वाटेत कधी सोडलं नाही' लिहिलं होतंत ना?" ग्रीसचे हात पुसत ती म्हणाली.

"हो गं. तो कागद योग्यच पाकिटात गेला होता," मी म्हणालो.

"चला, सरका तिकडे. मी चालवते."

मी सरकलो. कॉलेजच्या फाटकातून पिकअप आत शिरली, तेव्हा खरोखर व्हायोलिनसारखी वाजत होती!