दोन खोल्यांतले किडे

विभागप्रमुखांच्या खोलीचं दार लागत नव्हतं, त्याला कारण त्यांच्या हाताखालच्या संशोधक, सगळ्यांच्या किडेताई, यांनी दारातून ओढलेली तार. ताईंचे किडे संगणकातले, नुसत्या आकड्यांचे. पण ते खात, पिलांना जन्म देत, मरत, आणि प्रत्येक पिलू आईबापांपेक्षा किंचित चुकलेलं निघे. अशा चुका साठत जाऊन आपोआप नवी प्रजाती निघते का, हे ताईंना पाहायचं होतं. एक संगणक त्यांच्या खोलीत, दुसरा जागेअभावी प्रमुखांच्या. तारेवरून किडे इकडून तिकडे जात, सोयरीक जमवत आणि सगळे पुन्हा एकसारखे होत. नवी प्रजाती काही निघेना.

ताई बहिणीच्या बाळंतपणासाठी दीर्घ रजेवर गेल्या आणि प्रमुखांनी लगेच सुताराला बोलावलं. त्याने चौकट तासली, तिच्याबरोबर तारही कापली गेली. दार सुरेख बसलं. प्रमुख कुणाकडे काही बोलले नाहीत.

ताई परतल्या, नेमक्या त्याच दिवशी प्रकल्प तपासायला समितीच्या बाई यायच्या होत्या. तुटलेली तार पाहून ताईंचं डोकं फिरलं, पण भांडायला वेळ नव्हता. दार सताड उघडून त्यांनी नवी तार जोडली. दोन्हीकडचे किडे पडद्यावर एकत्र आले आणि रुसलेल्या व्याह्यांसारखे एकमेकांकडे ढुंकूनही न पाहता आपापल्यांतच जोड्या जमवू लागले. मिश्र पिलू एकही नाही.

सगळं बिघडलं, सुताराने घात केला, असं प्रमुख पुटपुटत राहिले. मग हळूच त्यांनी सुचवलं, की एखादा आकडा वाढवून जोड्या जुळवून टाकाव्यात. बाईंना काय कळणार आहे?

ताई मात्र पडद्याकडे टक लावून पाहत होत्या. त्यांचा राग कुठल्या कुठे गेला होता.

"नाही सर. मी किडे पाळते, त्यांची लग्नं लावत नाही."

प्रमुखांनी आवाज चढवला, प्रकल्प गुंडाळायची भाषा केली.

"खुशाल गुंडाळा. पण मी इथे असेपर्यंत आकड्याला हात लागणार नाही." ताई खुर्ची ओढून कीबोर्डसमोर ठाण मांडून बसल्या.

समितीच्या बाई आल्या तेव्हाही त्या उठल्या नाहीत. बसल्या जागेवरूनच त्यांनी सांगितलं, की हा बिघाड नाही. तार तुटल्यावर दोन्ही कळप आपापल्या चुका साठवत गेले, इतके की आता त्यांचं एकमेकांशी जमतच नाही. हीच नवी प्रजाती.

बाईंनी बराच वेळ खात्री करून घेतली आणि विचारलं, "दोघांना वेगळं करायचं कुणाला सुचलं?"

"कल्पना माझीच," सुताराला विसरून प्रमुख पुढे सरकले.

बाई खूश झाल्या. मात्र एकदा घडलेलं खरं मानता येत नाही, म्हणाल्या. आता पहिल्यापासून हेच करायचं, पण तार शाबूत ठेवून. किडे एकत्र राहिले तर वेगळे होत नाहीत, हेही दिसायला हवं. प्रमुखांना मान डोलावण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

तार पुन्हा दारात चेंगरायला नको, म्हणून ताईंनी सुताराकडून दारच बिजागऱ्यांसकट उतरवून घेतलं. येणारेजाणारे प्रमुखांच्या खोलीत डोकावू लागले. काही दिवसांनी न राहवून प्रमुखांनी विचारलं, "हे असं कधीपर्यंत?"

"किडे वेगळे होईपर्यंत."

"आणि झालेच नाहीत तर?"

"तर बरंच की सर," पडद्यावरची नजर न हलवता ताई म्हणाल्या, "तुमची कल्पना रोज थोडी थोडी खरी ठरत जाईल."